सिकलसेलचे लेकरू आणि नागपुरातील आधार

हिवाळा लागला की नागपूरच्या मेडिकलमध्ये, बालरुग्ण विभागासमोर, ठराविक चेहऱ्यांची गर्दी वाढू लागते. कानटोपी घातलेले, चादरीत गुंडाळलेले सात-आठ वर्षांचे लेकरू. डोळ्यांत पिवळी झाक, हाडे दुखतात म्हणून सारखे कण्हणे. शेजारी रात्रभर जागलेली आई, सोबत एखादी आजी. कुठून आलात म्हणून विचारावे तर इंदोरा, लष्करीबाग, पाचपावली, इमामवाडा, रामबाग ही आपल्याच वस्त्यांची नावे कानावर येतात. कोणी कामठीहून आलेले असते, कोणी उमरेडहून, कोणी थेट भंडाऱ्याहून.

या दुखण्याचे नाव सिकलसेल. आपल्या घरांना ते नवीन नाही. "अमक्याच्या पोराला सिकलिंग आहे" असे हळू आवाजात बोललेले वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले असेल. हळू आवाजात बोलले जाते हाच मोठा घोटाळा आहे. कारण या आजारावर नागपुरात आज बरेच काही उपलब्ध आहे. तपासणी आहे, औषध आहे, सवलती आहेत, मार्गदर्शन आहे. पण ज्या घरात आजार लपवला जातो त्या घरापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः आपल्या माता-भगिनींसाठी आहे, आणि त्यांना दवाखान्यात एकट्या पाठवणाऱ्या वडीलमंडळींसाठीही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली, त्याच नागपुरातून अवघ्या दोन वर्षांनी, १९५८ साली, डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये आढळला होता. म्हणजे आपल्याकडे हा आजार आहे हे वैद्यकशास्त्राला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरी आपल्या कित्येक घरांत आजही पहिले निदान होते ते लेकरू तिसऱ्यांदा-चौथ्यांदा भरती झाल्यावर.

आजार होतो कसा, हे एकदा नीट समजून घेऊ. रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये त्यांच्यातील हिमोग्लोबिन बदललेले असते, त्यामुळे प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले किंवा थंडी वाजली की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकल्या तिथे रक्त पोहोचत नाही, आणि तिथे जीव जाईल अशा वेदना सुरू होतात. शिवाय या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. अशा पिवळ्या डोळ्यांना कावीळ समजून झाडपाला देण्यात आणि उतारा करण्यात कितीतरी लेकरांचे महिने वाया गेले आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, ते बोलून दाखवले पाहिजे.

हा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोन्ही बाजूंनी यावा लागतो. एकाच बाजूने आला तर ते मूल वाहक ठरते. डॉक्टर त्याला 'एएस' म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला औषध लागत नाही. तो शेती करतो, कारखान्यात राबतो, त्याला काही होत नाही. दोन्ही बाजूंनी दोष आला तरच मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण होते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी, हे लक्षात ठेवावे. "पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील" हा हिशेब चुकीचा आहे आणि तो फार घरांना महागात पडला आहे.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. आजारी लेकरू झाले म्हणून सुनेला माहेरी धाडणे, तिच्या रक्तालाच खोट आहे असे म्हणणे, हा निव्वळ अन्याय आहे. आजारी मुलाच्या रक्तात बापाचा वाटा आईइतकाच, नेमका अर्धा असतो. दवाखान्यात तपासणीला आई तयार असते, बाप मात्र "मला काय झाले?" म्हणून निघून जातो. समुपदेशन करणाऱ्या भगिनींना विचारा, त्या हेच सांगतील.

हा आजार 'आपल्या जातीचा' आहे, असेही काही लोक म्हणतात. तसे अजिबात नाही. विदर्भात गोंड, माडिया, परधान, कुणबी, तेली या समाजांतही तो आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे. जिथे जिथे शतकानुशतके हिवतापाचे थैमान होते तिथे तिथे तो सापडतो, कारण वाहक माणूस जीवघेण्या हिवतापातून वाचण्याची शक्यता जास्त असते. जंगल आणि तळ्यांच्या या मुलखात आपले पूर्वज ज्यामुळे तगले, त्याची ही किंमत आहे. नागपुरातच पाहा, इंदोऱ्याला लागून जरीपटका आहे. तिथल्या सिंधी बांधवांमध्ये थॅलेसेमिया हा रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार आढळतो. डॉ. विंकी रुघवानी यांचे थॅलेसेमिया आणि सिकलसेल केंद्र त्याच जरीपटक्यात आहे. दोन शेजारी वस्त्या, दोन वेगळी दुखणी, आणि एका दारात बसलेल्या दोन्हीकडच्या आया. त्यात जातीची लाज वाटण्यासारखे काय आहे?

आता प्रत्यक्ष मदतीकडे वळू.

पहिली पायरी तपासणीची. 'सोल्युबिलिटी' ही साधी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. पुष्कळ जण पहिल्या चाचणीवर थांबतात आणि वाहक लेकराला आयुष्यभर रुग्ण समजून घरात बसवतात, किंवा याच्या उलट करतात. सहा महिन्यांच्या आतील बाळात साधी चाचणी फसवी ठरते, हेही माहीत असावे. या तपासण्या मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत होतात. बाळंतपणासाठी डागा रुग्णालयात नाव नोंदवणाऱ्या भगिनींनी पहिल्याच भेटीत सिकलसेलच्या तपासणीबद्दल विचारून घ्यावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शासकीय शाळांतील मुलांची डॉक्टरांच्या पथकाकडून तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने २०४७ पर्यंतची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, पण तिची आखणी प्रामुख्याने आदिवासी भाग डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. उत्तर नागपूरच्या गल्लीत कोणी दार ठोठावून रक्त तपासायला येईल याची वाट पाहत बसू नये. आपणच जावे.

दुसरी पायरी उपचाराची, आणि इथे नागपूरला सांगण्यासारखे काही आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात आणि रक्त देण्याची गरजही घटते. मेडिकलच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम इतकी कमी मात्रा देऊन अभ्यास केला. एवढ्या मात्रेनेही मुलांना चांगलाच गुण आला. गरीब घरासाठी याचा अर्थ मोठा आहे, कारण कमी मात्रेला खर्च कमी आणि देखरेखही सोपी. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे, अधूनमधून रक्त तपासून घ्यायचे, आणि बरे वाटले म्हणून परस्पर बंद करायचे नाही. 'गरम पडते' म्हणून औषध सोडणारी घरे पुष्कळ आहेत. तीन महिन्यांनी तीच घरे पुन्हा अपघात विभागात दिसतात.

रुग्ण बाळांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलीन देतात, कारण त्यांची प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोनियासारखा संसर्ग त्यांच्या जिवावर उठतो. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस पूर्वी खासगीत हजारो रुपयांना घ्यावी लागे. २०२१ पासून ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. बाळाच्या लसीकरण कार्डावर ती नोंद आहे का, एवढे आज घरी गेल्यावर पाहावे.

घरी काय करावे हे आयांना पुष्कळदा डॉक्टरांपेक्षाही चांगले कळते, तरी काही गोष्टी सांगते. पाणी भरपूर, उन्हाळ्यात तर सतत. नागपूरचा मे महिना अशा लेकराला थंडीइतकाच वैरी आहे. दुखत असेल तर गरम शेक द्यावा, बर्फ कधीही लावू नये. रक्त कमी दिसते म्हणून औषधाच्या दुकानातून लोहाचे टॉनिक आणून पाजू नये; लोह कमी आहे हे तपासून ठरल्याशिवाय ते नको, फोलिक अॅसिडची गोळी मात्र चालू ठेवावी. बाळाच्या पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली, प्लीहा कशी चाचपायची हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. ती अचानक मोठी लागली आणि लेकरू पांढरेफटक पडले तर तो तासांचा खेळ असतो. ताप १०१ च्या वर गेला, श्वास लागला, छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक गोष्ट, जी कोणी उघड बोलत नाही. सिकलसेलची मुले मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओले करतात. त्यांची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, आणि पाणी तर जास्त प्यायचेच असते. दहा वर्षांच्या पोराला यासाठी मार बसतो, भावंडे चिडवतात. त्यात त्याचा काडीचाही दोष नाही.

शाळेचा प्रश्न मला औषधाइतकाच मोठा वाटतो. बाबासाहेबांनी आपल्याला पहिला शब्द दिला तो शिकण्याचा, आणि हा आजार नेमका शाळेवर घाला घालतो. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर, मग अभ्यास मागे, मग "आजारी पोराला कशाला शिकवता?" असे नातेवाइकांचे शहाणपण. एक माय सांगत होती, "पोरगं नाटकं करते म्हणे मास्तरीण. आज बरा, उद्या झोपून. तिले कसं समजवू?" समजावण्याचा मार्ग आहे. डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घ्यावी आणि शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना भेटून द्यावी. त्यात चार साध्या गोष्टी लिहून घ्याव्यात : वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जाऊ द्यावे, कडक उन्हात किंवा गारठ्यात कवायतीला उभे करू नये, आणि दुखते म्हणाला तर विश्वास ठेवावा. दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फत वेळेत करावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही.

प्रमाणपत्राचा विषय निघाला म्हणून सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. त्यानुसार शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येते. उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांसाठी ते चालते. पण याच कायद्यातील नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा नाही. शिकण्यासाठी दिव्यांग आणि पोट भरण्यासाठी धडधाकट, असा हा विचित्र न्याय आहे. आपल्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी यावर आवाज उठवायला हवा. जयंतीच्या व्यासपीठावरून हे कोणी बोललेले फारसे ऐकू येत नाही. एसटीच्या बसमध्ये सिकलसेल रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत आहे. कुही-भिवापूरकडून दर महिन्याला औषधासाठी नागपुरास येणाऱ्या कुटुंबाला तिचा मोठा आधार होतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड घरात असावेच. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि स्वाधार योजनेची चौकशी दीक्षाभूमी चौकातील सामाजिक न्याय भवनात करावी. त्याबद्दल या पानांवर अनेकदा छापून आले आहे.

आता रक्ताविषयी. शासकीय रक्तपेढीतून सिकलसेल रुग्णांना रक्त मोफत मिळते. पण ते पेढीत असले तर. आपल्याकडे रक्तदानाचा उत्साह मोठा आहे. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत शिबिरे होतात, ६ डिसेंबरलाही होतात. ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण रक्त साठवण्याला मर्यादा असते, साधारण ३५ ते ४२ दिवसांची. म्हणजे जयंतीला दिलेले रक्त मे संपता संपता वापरले तरी जाते किंवा बाद तरी होते, आणि नेमके त्यानंतर, सुट्ट्यांमुळे महाविद्यालये बंद असताना, पेढीत खडखडाट होतो. सगळ्या वस्त्यांनी एकाच दिवशी रांग लावण्यापेक्षा काही मंडळांनी बुद्धपौर्णिमा घ्यावी, काहींनी आषाढ पौर्णिमा, काहींनी जानेवारीचा एखादा रविवार. फलकावर फोटो लहान येईल. पण रक्त बारा महिने राहील.

हा प्रश्न शासनदरबारी आणि समाजात लावून धरणाऱ्यांत नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून त्यांनी रुग्ण आणि पालकांना एकत्र आणले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सवलती आपोआप पदरात पडल्या नाहीत, मागून-भांडून मिळवल्या गेल्या, हे नव्या पालकांनी विसरू नये.

लग्नाचा विषय टाळून चालणार नाही. दहा माणसांत एक वाहक धरला, तरी सहज जुळलेल्या शंभर लग्नांपैकी एकात नवरा-नवरी दोघेही वाहक निघतील. आपल्या वस्त्यांत वाहकांचे प्रमाण याहून कमी नाही. त्यातून मामाची मुलगी, आत्याचा मुलगा असे नात्यातच संबंध जुळवले तर धोका आणखी वाढतो. 'कुंडली नको, रक्ताची पत्रिका जुळवा' असे प्रचारात म्हटले जाते, ते खरेच आहे. उपवर वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जात उंची, पगार, रंगसुद्धा विचारतात. सिकलसेल तपासणीचा एक रकाना घालायला काय हरकत आहे? वाहकाने वाहकाशी लग्न टाळावे, एवढेच पुरे. वाहकाने बिनदोष व्यक्तीशी खुशाल लग्न करावे, त्यांची मुले रुग्ण होत नाहीत. मात्र हा रकाना मुलींना नाकारण्याचे नवे कारण होता कामा नये. मुलाचा अहवालही समोर ठेवला गेला पाहिजे, आणि तो साखरपुड्याच्या आधी. पत्रिका छापून झाल्यावर अहवाल आणला तर कोणीच सरळ डोक्याने विचार करत नाही.

लग्न झालेलेच असेल आणि दोघेही वाहक निघाले, तर घाबरून जाऊ नये. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन गर्भ रुग्ण आहे की नाही ते सांगता येते. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था या क्षेत्रात अनेक वर्षे काम करीत आहे. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना दोघांचेही अहवाल दाखवावेत. पाचव्या महिन्यात नव्हे. पुढचा निर्णय त्या दाम्पत्याचा, त्यातही आधी त्या स्त्रीचा. सासूचा नाही आणि शेजाऱ्यांचा तर नाहीच.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. हजारो भगिनींसमोर बाबासाहेबांनी राजकारण नव्हे, तर स्वच्छता, मुलांचे शिक्षण, लग्नाची घाई न करणे आणि फार मुले न होऊ देणे हेच विषय बोलून दाखवले. स्वतः त्यांनी आणि माता रमाईंनी पाच लेकरांपैकी चार गमावली होती. औषधपाण्यावाचून लेकरू हातचे जाणे म्हणजे काय, हे त्या व्यासपीठावरील माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्या परिषदेतील भगिनींच्या नाती-पणत्या आज वस्तीवस्तीतील महिला मंडळांत आहेत. विहाराला जागा आहे, माइक आहे, पौर्णिमेला जमणारी माणसे आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत एका रविवारी मेडिकलच्या किंवा मेयोच्या डॉक्टरांना बोलावून तपासणी ठेवता येते. ज्या विहारात अभ्यासिका आहे तिथे शिकणाऱ्या दोन मोठ्या मुलांनी आजारी मुलाच्या गैरहजेरीतील वह्या पूर्ण करून द्यायचे ठरवले, तर त्याला पैसाही लागत नाही. आणि विहाराच्या फळ्यावर, वंदनेच्या वेळेखाली, दोन गोष्टी खडूने लिहून ठेवाव्यात : रात्री-बेरात्री दवाखान्यात सोबत येणाऱ्या दोन माणसांचे फोन नंबर, आणि वस्तीतील रक्तदात्यांची गटवार यादी. यादी दर सहा महिन्यांनी पुसून नव्याने लिहावी. लोक घर बदलतात, नंबर बदलतात.